जाळीवरचा पंचा

वृंदा: आधी बॉयलरचं ते बटण बंद करा, काका. मी कोण, कुठली, ते मग सांगते.

मोरेश्वर: बटण बंदच आहे. पहाटेपासून मी ते कोणाला लावू दिलेले नाही.

अभिजित: म्हणूनच घरात तेरा डिग्री आहे. बाबा, मी मीटिंग सोडून खाली आलोय. यांना कोणी बोलावलं?

मोरेश्वर: मी बोलावले.

अभिजित: भाडेकरारात स्पष्ट लिहिलंय, बॉयलरला एजंटच्याच माणसानं हात लावायचा. त्या एजंटला, डेक्लनला कळलं तर?

मोरेश्वर: त्यांना कळले आहे. सकाळी मीच दूरध्वनी केला.

अभिजित: तुम्ही डेक्लनशी बोललात? इंग्रजीत?

मोरेश्वर: चाळीस वर्षे पाठशाळेत संस्कृत शिकवले, म्हणून काही इंग्रजी वर्ज्य नव्हते. त्यांना म्हटले, माझी सून सात महिन्यांची गर्भवती आहे. तिचे मस्तक या घरात दुखते आणि घराबाहेर पडले की थांबते. ते दोन वेळा 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'छान', म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात पाहू म्हणाले. मी म्हटले, मग आज मी पाहतो.

अभिजित: तन्वीच्या दोन कोविड टेस्ट निगेटिव्ह आल्यात. ती स्वतः डॉक्टर आहे. प्रेग्नन्सीत डोकं दुखतं, असं तीच म्हणते.

मोरेश्वर: डॉक्टर रुग्णाला पाहतो, अभिजित. स्वतःला कोण पाहतो? माझ्या वहीत तिथीवार टिपण आहे. अधिक मासाच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही घर तापवू लागलात, तेव्हापासून हे सुरू आहे. सुट्टीच्या दिवशी ती दुपारी डोके धरून बसते. रुग्णालयात बारा तास राबून येते, तेव्हा दारात प्रसन्न असते आणि निजायच्या वेळी मळमळते. तुझेही तेच होते. तू त्याला मीटिंग म्हणतोस.

वृंदा: काका, हे टिपण माझ्या अर्ध्या कामाचं आहे. आता माझी ओळख. वृंदा, नागपूरची. तिकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा, इथे येऊन चार वर्षं एका प्लंबरच्या हाताखाली, मग गॅसची परीक्षा. हे माझं कार्ड. फोटोत तोंड वाकडं आलंय, तेवढं सोडून द्या.

मोरेश्वर: इथल्या मराठी मंडळाच्या यादीत 'गॅसदुरुस्ती' या शब्दापुढे आपले नाव पाहिले, तेव्हा मला वाटले, यजमानांचे नाव लिहायचे राहिले असावे. क्षमा असावी.

वृंदा: सगळ्यांना तसंच वाटतं. आमच्या यजमानांना साधा बल्ब बदलता येत नाही. बरं, हा बॉयलर जुन्या पद्धतीचा आहे. जळायला लागणारी हवा तो याच स्वयंपाकघरातून घेतो आणि जळून उरलेला वायू चिमणीतून वर सोडतो. वर जायचं ते खाली येऊन राहिलं असेल, तर ते घरातच साठतं. त्याला वास नसतो, रंग नसतो. अलार्म कुठे आहे?

अभिजित: प्रेसमध्ये, म्हणजे त्या वरच्या कपाटात.

वृंदा: कपाटात का?

अभिजित: नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी वाजायला लागला. कापूर, धूप, सगळं एकदम लावलेलं. धुरानं वाजला असं वाटलं. माझा अमेरिकेशी कॉल होता, म्हणून बॅटरी काढून ठेवली.

वृंदा: हा धुराचा अलार्म नाही, दादा. कार्बन मोनॉक्साइडचा आहे. कापरानं काही वाजला नसेल तो.

मोरेश्वर: म्हणजे तो खरे सांगत होता.

वृंदा: सांगत होता. आणि काका, भिंतीतली ही जाळी? हिच्यावर काय चिकटवलंय?

मोरेश्वर: माझा पंचा आहे. चौपदरी घडी घालून, चारही कडांना चिकटपट्टी लावली आहे.

अभिजित: बाबा, हे तुम्ही केलंत?

मोरेश्वर: घटस्थापनेच्या दिवशी केले. देवीची मांडणी दुसरीकडे कुठे होईना, म्हणून याच कोपऱ्यात केली. जाळीतून समुद्रावरचा वारा येई आणि ज्योत आडवी होई. नऊ दिवस अखंड राहायचा दिवा आहे. आज सातवी माळ. मला वाटले, जाळी म्हणजे बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा. कोणी मुद्दाम भिंतीला भोक ठेवील, हे मनातच आले नाही.

वृंदा: मुद्दामच ठेवलंय. बॉयलरचं नाक आहे ते. आणि शेगडीवर हा एवढा मोठा एक्झॉस्ट फॅन?

अभिजित: तो मी बसवला. फोडणीचा वास तन्वीच्या कोटाला लागतो, म्हणून सगळ्यात पॉवरफुल घेतला.

वृंदा: जाळी बंद, खिडक्या बंद आणि हा फॅन जोरात. त्याला हवा हवी असते. बाहेरून मिळेना की तो चिमणीतून ओढतो. आता पाचच मिनिटं बॉयलर लावून बघते. तुम्ही दोघं बाहेर थांबा.

मोरेश्वर: मी दारात उभा राहतो. मी जे केले ते मला पाहिले पाहिजे.

वृंदा: दार लोटलेलं राहील, काचेतून बघा. बॉयलरच्या माथ्याजवळ ही फट दिसते? तिथे ही धुराची काडी धरणार. धूर फटीत आत ओढला गेला तर चिमणी काम करतेय. बाहेर आला तर नाही.

(काही मिनिटे फक्त पंख्याचा आवाज. मग वृंदाच्या कमरेचे यंत्र वाजू लागते, आणि खिडक्या धडाधड उघडतात.)

अभिजित: धूर बाहेर आला. सगळा बाहेर आला.

वृंदा: बॉयलर बंद, फॅन बंद. तन्वी आता कुठे आहे?

अभिजित: हॉस्पिटलमध्ये, ड्यूटीवर.

वृंदा: तिला आत्ता फोन लावा. सांगा, घरात कार्बन मोनॉक्साइड सापडलाय, तिथेच रक्त तपासून घे. पोटातल्या बाळाला हे आईपेक्षा जास्त बाधतं. तुम्ही दोघंही आज जाऊन या.

अभिजित: उचलत नाहीये. मेसेज टाकतो.

मोरेश्वर: तिच्या वॉर्डात कर. तिथे कोणी तरी उचलेल. वृंदाबाई, हा पंचा मी काढू का?

वृंदा: मी काढते ना.

मोरेश्वर: नको. ज्याने लावला त्यानेच काढावा.

वृंदा: सावकाश. रंग निघतोय भिंतीचा. काका, तुमचा दिवा...

मोरेश्वर: पाहिले मी. आपण आपले काम करा.

वृंदा: वाऱ्यानं गेला. मला वाईट वाटतंय.

मोरेश्वर: विझलेल्या दिव्याला शास्त्रात प्रायश्चित्त आहे, स्नान करून, क्षमा मागून तो पुन्हा लावता येतो. पोटातल्या ज्या दुसऱ्या ज्योतीला मी सहा दिवस धोक्यात ठेवले, तिचे प्रायश्चित्त कोणत्याही पोथीत नाही. आपण थांबू नका.

अभिजित: वॉर्डातल्या सिस्टरशी बोललो. तन्वीला आत्ताच घेऊन जातायत. बाबा, तुम्ही बसा जरा.

मोरेश्वर: मी उभाच बरा आहे.

वृंदा: आता जाळी उघडी आहे, घरात ताजी हवा आहे. फॅन बंद ठेवून पुन्हा बघते. काका, तुम्ही म्हणालात, डोकेदुखी अधिक मासापासून. पंचा तर घटस्थापनेचा.

मोरेश्वर: होय. अंतर चार आठवड्यांचे आहे. ते मलाही खटकते आहे, पण या क्षणी ते बोलणे म्हणजे सबब सांगणे होईल.

वृंदा: सबब नाही, हिशोब आहे. बघा, जाळी उघडी असूनही धूर बाहेरच. कमी आहे, पण बाहेर. म्हणजे पंच्यानं वाईटाचं अतिवाईट केलं; वाईट आधीपासून होतं. बंद करते. चिमणीच्या पायथ्याची ही पत्र्याची झाकणी उघडू. घ्या. काड्या, लोकर, प्लास्टिकची दोरी. कावळ्यांचं घरटं. वरून खचलंय आणि अर्धी चिमणी बुजवलीय.

मोरेश्वर: करड्या मानेचे, लहानखुरे कावळे. मार्चमध्ये मी आलो आणि विमाने बंद झाली, तेव्हा रोज सकाळी त्यांना काड्या नेताना पाहत असे. या परक्या गावात आणखी कोणीतरी संसार मांडते आहे, म्हणून मला आनंद होई.

वृंदा: बॉयलरवर ऑगस्टच्या सर्व्हिसचं स्टिकर आहे. ज्यानं लावलं, त्यानं ही झाकणी उघडली नाही. स्क्रूवर जुना रंग तसाच आहे.

अभिजित: म्हणजे चूक त्यांची. मग झालं. रिपोर्टमध्ये एवढंच लिहा.

वृंदा: एवढंच?

अभिजित: घरटं लिहा. पंच्याचं कशाला? तो निघालाय. अलार्ममध्ये मी आत्ता बॅटरी घालतो. तुम्ही डेक्लनला ओळखत नाही. पंचा हा शब्द वाचला की सगळं आमच्यावर ढकलेल. जानेवारीत करार संपतोय, बाळ त्याच सुमाराला. या गावात घर मिळत नाही, माहितेय तुम्हाला.

वृंदा: माहितेय. आम्हीही दोन वर्षं एका खोलीत होतो. खरं सांगू? मी नाही लिहिलं, तर कोणी विचारणार नाही.

मोरेश्वर: विचारतील. भिंतीचा रंग चार कडांनी निघाला आहे. त्यांचा माणूस ते पाहील आणि म्हणेल, यांनी एक लपवले तर दुसरेही रचले असेल. मग आपल्या कागदाची किंमत शून्य. शेजारच्या नोरीनबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांच्याकडे बॉयलर कोणता आहे?

अभिजित: रांगेतली पाचही घरं एकाच मालकाची. बॉयलर हाच. स्टिकरही त्याच माणसाचं असणार.

मोरेश्वर: मग त्या पाच चिमण्यांसाठी आपला कागद निर्दोष हवा. अर्धे सत्य घेऊन मी कोणाच्या दारात उभा राहणार नाही.

अभिजित: फोन वाजतोय. डेक्लन.

मोरेश्वर: उचल.

अभिजित: हॅलो. हो, आल्या आहेत. नाही, रजिस्टर्ड आहेत. थांबा. वृंदाताई, तो म्हणतोय, बॉयलरवर धोक्याची नोटीस चिकटवू नका. बॉयलर परत लावून द्या, त्याचा माणूस मंगळवारी येईल. नाही तर करार मोडला म्हणून लिहून घेईन, म्हणतोय. आणि तुमची तक्रार करीन.

वृंदा: त्याला म्हणावं, खुशाल कर. नंबर माझ्या व्हॅनवर मोठ्या अक्षरात आहे. गॅस मी तोडला आहे, लाल नोटीस लावली आहे. ती काढायला त्यानं स्वतः यावं आणि खाली सही करावी. नोटिशीची एक प्रत आजच नियामकांकडे जाईल, तीही मीच पाठवणार.

अभिजित: डेक्लन, ऐकताय? नाही. बॉयलर बंद राहील. चिमणीत घरटं आहे. ऑगस्टमध्ये ती कोणी उघडलेली नाही. हो, जाळी आमच्याकडून बंद झाली होती. हो, आमच्याकडून. आणि अलार्म मी बंद केला होता. ते सगळं कागदावर येतंय. तुमच्या बाकीच्या चार घरांचे बॉयलर आज बंद करा. मी नोरीनकडे आत्ता जातोय. नाही, हे ग्रँड नाही. अजिबात नाही. ठेवतो.

मोरेश्वर: पाणी पी.

अभिजित: नको. आधी नोरीनकडे बॉयलर बंद करायला सांगून येतो.

मोरेश्वर: जाऊन ये. वृंदाबाई, आता लिहा. प्रथम माझे नाव, मग पंचा, तिथी, जाळी. मागाहून घरटे.

वृंदा: फॉर्मवर चिमणीचा रकाना आधी आहे, काका.

मोरेश्वर: मग तो रकाना रिकामा ठेवून खाली या, आणि नंतर वर जा.

वृंदा: तुम्ही शिक्षक होता, ते लक्षात राहील. पूर्ण नाव?

मोरेश्वर: मोरेश्वर चिंतामण अग्निहोत्री.

वृंदा: अग्निहोत्री.

मोरेश्वर: हसा, हसा. माझ्या वडिलांनी आज माझा कान धरला असता.

अभिजित: सांगून आलो. त्याखाली माझं लिहा. अलार्मची बॅटरी, तारीख अठरा ऑक्टोबर. आणि फॅन.

वृंदा: लिहिलं. व्हॅनमध्ये दोन इलेक्ट्रिक हीटर आहेत, ते ठेवून जाते. एक नोरीनबाईंना द्या. चिमणी साफ होऊन माझी पुन्हा तपासणी होईपर्यंत एवढ्यावर भागवा. जाळीला हात लावायचा नाही.

मोरेश्वर: मांडणी मी जिन्याखाली हलवतो. तिथे वारा नाही, आणि कोणाचे नाकही नाही.

अभिजित: तन्वीचा फोन. स्पीकरवर टाकू? नको, थांबा. हां, बोल. किती? बरं. बरं. आणि बाळ? बाबा, रक्तात सापडलंय, पण फार नाही. ऑक्सिजन लावून बसवलंय, संध्याकाळी सोडतील. बाळाचे ठोके नीट आहेत.

मोरेश्वर: पुन्हा सांग.

अभिजित: बाळाचे ठोके नीट आहेत, बाबा. ती विचारतेय, घरी येऊ का.

मोरेश्वर: सांग, घर गार पडले आहे. ये म्हणावे.