काळ्या पाटीवरचा बुधवार

नंदाबाई : सकाळधरनं लाईट न्हाई, मोबाईलला रेंज न्हाई, आन् भिंतीवरचं कॅलेंडर तुझे सासरे गुरुजींकडं घेऊन गेले. आता दिस कशात बघायचा?

माधवी : लॅपटॉपवर, आई. अजून चार्जिंग आहे, आणि याला नेट लागत नाही. इंग्रजीत ‘कॅल’ अशी तीन अक्षरं टाकायची आणि एंटर. हे बघा.

नंदाबाई : अगं बया! ही तर काळी पाटीच की. आमच्या साक्षरतेच्या वर्गात बाईंनी अश्शेच आकडे काढून दिलते.

माधवी : उजळ चौकोन म्हणजे आज. वाचा बघू.

नंदाबाई : थांब, चष्मा लावू दे... धा. सोमवार. म्हंजी डॉक्टरीणबाईंचा बुधवार... बारा.

माधवी : हो, परवा. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, बाळंतपण बुधवारच्या पुढं नेऊ नका, म्हणाल्या.

नंदाबाई : ह्यात आमुशा कुटं हाय?

माधवी : नाही यात. नुसते आकडे.

नंदाबाई : चतुर्थी?

माधवी : तीही नाही.

नंदाबाई : आन् गॅसची टाकी कवा लावली, त्ये?

माधवी : ते तुम्ही पेनानं लिहिता, आई!

नंदाबाई : हासलीस बाई एकदाची. लय भ्यालीस काय?

माधवी : बुधवारी अमावस्या निघाली तर आबा गुरुवारच म्हणतील. आणि तुमचा सत्यम त्यांच्यापुढं तोंड उघडत नाही.

नंदाबाई : माझ्या पयल्या खेपेला सासूबाई म्हणल्या, आज आमुशा, गाडी उद्या जुपा. उद्या जुपली.

माधवी : सत्यमच्या वेळी?

नंदाबाई : न्हाई. सत्यम दुसरा.

माधवी : ...मला कुणी सांगितलंच नाही.

नंदाबाई : कोण सांगणार? गप, आले बघ.

भिमाजी : (दारात, छत्री मिटत) गुरुजी म्हणतात, बुधवारी आमुशा. ह्यो बघा काळा गोळा. गुरुवारी सकाळचा वकूत लय चांगला हाय. डॉक्टरीणबाईंना सांगू, एक दिसानं काय व्हतंय?

नंदाबाई : ठेवा त्ये कॅलेंडर. हिकडं या, ह्यात बघा.

भिमाजी : ह्यात तर गोळाच न्हाई.

नंदाबाई : न्हाई ना? मग बुधवारी न्यायची पोरीला.

भिमाजी : आगं, पर गुरुजी...

नंदाबाई : एक दिसानं काय व्हतंय, ह्ये तुमी मला इचारताय?

माधवी : आबा, बसा ना. चहा टाकते.

भिमाजी : नको, तू बस पोरी... नंदे, परवा गाडी किती वाजता सांगू?