उष्टावणाच्या चमच्यातलं पाणी

मंडळी, एक विचारू? हातात कसब आहे, माणूस भला आहे — मग परवान्याचा कागद कशाला लागतो हो? सांगा! बरं, मग गोष्टीलाच विचारू!

कासारधोंडचा महिपती. पाण्याचे फिल्टर बसवण्यात वस्ताद! पण परवाना? नाही! त्या तालुक्याचा नियम असा — दोन वर्षं जाणत्याच्या हाताखाली काम, मग परीक्षा, आणि ज्याच्या नावावर परवाना त्यानं स्वतः जागेवर उभं राहायचं. महिपती म्हणे, "परीक्षा? आता या वयात पाटी-पेन्सिल?"

अंगणवाडीत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं निघालं. महिपतीनं मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा विश्वंभर — शहरातला, रीतसर परवानेवाला. "नुसतं तुमचं नाव द्या हो!"

"घ्या की दाजी, घरचंच काम!"

झालं! यंत्र बसलं, पाटी लागली — परवानाधारक विश्वंभर. महिपती ओंजळभर पाणी प्यायला. "गोड लागलं, म्हणजे शुद्ध!" (हसू नका! तुम्ही तरी दूध कसं पारखता?)

दुसऱ्याच दिवशी महिपतीच्या लेकीचं, ओवीचं, उष्टावण. सातवा महिना — दोन दात, आणि गालाला खळी! उष्टावण करायला मामाच हवा. विश्वंभर आला. ओवी मांडीवर. खिरीचं बोट चाखलं — तोंड असं वाकडं केलं, की सगळं घर हसलं! कुसुम, तिची आई, कौतुकानं फुलपात्र घेऊन आली.

"दादा, आता दोन थेंब पाणी पाज. अंगणवाडीतून आणलंय. तुझ्याच नावाचं!"

मामानं चमचा भरला. ओवीनं आ केला. आणि मंडळी — चमचा अधांतरी थांबला!

"कुसुम... घरातलं उकळलेलं आण."

"का रे? पाटीवर नाव तुझंच ना?"

"मी तिथं गेलोच नाही गं."

ऐका, आई काय म्हणाली! "उद्यापासून अंगणवाडीतली सत्तावीस लेकरं तेच पिणार. ती तुझी भाचरं नाहीत म्हणून चालेल होय?"

विश्वंभर आणि महिपती तसेच उठले, अंगणवाडीत गेले. विश्वंभरनं बाटलीत पाणी धरलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. यंत्रानं सोडलेलं जंतुनाशक पुरेसं असेल तर पाणी पिवळं होतं. थांबले... थांबले... पाणी जसंच्या तसं!

महिपतीनं धावत जाऊन नळ बंद केला. "माझ्या ओवीच्या ओठापर्यंत आलं होतं हो!"

नळ बंद केला. विश्वंभर स्वतः ग्रामसेवकांकडे गेला — "नाव माझं, काम माझ्या डोळ्यांदेखत झालेलं नाही." परवाना सहा महिने अडकला! कुसुम म्हणाली, "अडकू दे. लेकरांचा जीव अडकण्यापेक्षा बरं!" दुसऱ्या परवानेवाल्यानं उभं राहून यंत्र नीट केलं. आणि महिपती? त्याच माणसाच्या हाताखाली राहिला — दोन वर्षं! परीक्षेला बसला, एकदा आपटला, पुन्हा बसला, पास झाला!

तर मंडळी, कागद कसबासाठी नसतो. आपण ज्याला ओळखत नाही, त्या लेकराच्या वतीनं कुणीतरी जबाबदार उभं राहावं, म्हणून असतो! आता माझ्याकडे नको, आपल्याकडे बघा. शाळेच्या समितीवर, देवळाच्या पाटीवर, सोसायटीच्या कागदावर — नाव तुमचं आहे ना? तिथं शेवटचे कधी गेला होतात?

टाळकरी, थांबा जरा! आधी उत्तर येऊ दे — मग गजर!