खोटं दुःख

राव, तुमी हसाल, पण एकदा मोबाईलच्या पडद्यावरच्या माणसावर माझा लई जळफळाट झाला व्हता. माझी बायको सुरेखा समाजकार्याचं शिक्षण ऑनलाइन घेतीय. आमच्या निरगुडसर गावाहून रोज पुण्याला जाणं घरदार सांभाळून जमलंच नसतं. त्या दिवशी वर्गात समुपदेशनाचा सराव व्हता. एका विद्यार्थ्यानं खोटंच दुःख सांगायचं आणि हिनं ते ऐकून घ्यायचं.

मी दारात उभा. ही त्याला म्हणतेय, "घाई नाही, सावकाश सांगा. मी ऐकतेय."

इतक्या मायेनं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला राहवलं नाय. सरळ मोबाईलसमोर गेलो आणि म्हणालो, "त्याचं खोटं ऐकतीस, मग माझं खरं कोण ऐकणार?"

सगळा वर्ग हसला. त्यांच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. "सुरेखा, आता यांच्याशी बोला," म्हणाल्या.

ती माझ्याकडं वळली. "सांगा, काय झालं?"

मी भांडायला गेलो व्हतो, पण तोंडातून भलतंच निघालं. "तू शिकून मोठी व्हशील. मग माझ्यासारख्याशी कशाला बोलशील?"

तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि डोळे पुसले.

"बरं झालं चारचौघांत बोललात," ती म्हणाली. "एकांतात विचारलं असतं, तर गाईला वैरण टाकायची हाय म्हणून तुमी उठून गेला असता."