येऊन राहिली

— नाही, तो नोकरीचा फॉर्म राहू दे तिथंच, टेबलावर. सही कोठं पळून नाही जाऊन राहिली. आधी बस नीट. रीना, तू बाजूच्या घरची पोरगी, माह्या मायनं तुले अंगनात खेळवलं, अना आज खुर्चीच्या टोकावर अशी बसली का इंटरव्ह्यूलेच आली जशी. टेकून बस. चहा ठेवतो. — हासली ना? हास, हास. बाईमानूस असून मी 'ठेवतो', 'जातो' म्हनतो, तं तिथं आयर्लंडले पुन्याची एक नर्स होती, ते पोट धरून हासे. तुले बी हासन कोनी ना कोनी, तयारी ठेव. एकदा म्हने, "वच्छलाताई, तुम्ही 'येऊन राहिली' म्हणता म्हणजे काय हो? येऊन तिथंच राहिली?" मी म्हनलं, नाही बाई, आमच्या भंडाऱ्याकडं येऊन राहिली म्हंजे रस्त्यावर आहे, पोचली नाही अजून. ते म्हने, मग सरळ 'येते आहे' म्हणा ना. आता काहून म्हनू? माही माय जे बोल्ली ते मी बोलन. पन तेव्हा मी चादरी बदलवत राहिली.

तू काय इचारलं होतं? हं — आयर्लंड कसं आहे. चांगलं आहे ना. हिरवं आहे, गायी आहेत, बारा महिने झिमझिम पानी आहे, कपडे वाळत नाही. मानसं बी चांगली. पहिल्याच दिवशी मले सगळ्यायनं नाव इचारलं, आडनाव इचारलं, अना आडनाव आयकून कोनाचंच तोंड बदललं नाही. तुले समजते मी काय म्हनून राहिली ते. इथं करडी गावाच्या बसमधी बाजूवाली बाई आडनाव आयकते अना मंग खिडकीतून धान पाहात बसते, मालूम आहे ना? — आता तिथं एकदा बसमधी एक पोट्टा मले म्हनला, आपल्या देशात जा. म्हनला ना, काहून लपवू? पन तो मले बाहेरची समजून बोल्ला. मी बाहेरचीच होती. इथं तं मी गावचीच होती ना वो, रीना.

बिस्किट घे. मी तुले एका मानसाचं सांगतो, म्हंजे तुले सगळा देशच समजन. मॅटी नावाचा म्हातारा होता आमच्याकडं. मी त्या म्हाताऱ्यायच्या होममधी अठरा वर्षं होती, त्यात त्याचे शेवटचे चार वर्षं तो माह्याच वॉर्डात. बाप मेला तवा हा आठ वर्साचा, घरात सात लेकरं, तं याले पाद्र्यायच्या शाळेत टाकलं. तिथं मारत. डावा कान तिथंच गेला त्याचा. सतराव्या वर्षी बोटीत बसला, इंग्लंडले गेला, चव्वेचाळीस वर्षं रस्ते खोदले. अना तिथं त्याच्या इंग्रजीले हासत! तो आत्ताच चहा पिऊन झाला असं सांगाचं असलं का म्हने, 'मी चहा प्याल्याच्या मागं आहे.' त्याच्या गावाकडं असंच बोलत म्हने. मी म्हनलं, मॅटी, तू तं माह्याच जिल्ह्यातला निघाला. म्हातारा होऊन परत आला घरी, तं गाव त्याले 'इंग्लिशमन' म्हने. तिथं आयरिश, घरी इंग्लिश. जिच्यासाठी आला ते बहीन, ब्रीडी, दोन वर्षं आधीच मेली होती. 

सकाळी उठला का सुरू — या देशानं मले काय देल्लं? एक बोटीचं तिकीट! पाद्र्यायले शिव्या, सरकारले शिव्या, पावसाले शिव्या, गावाच्या तं सात पिढ्या काढे. आम्ही म्हनो, बरोबर आहे मॅटी. अना एक दिवस पोलंडची पोरगी फरशी पुसता पुसता सहज म्हनून गेली, काय देश आहे तुमचा, सगळं ओलंच ओलं — तं त्यानं लापशीची वाटी फेकून मारली तिले! आठ दिवस बोल्ला नाही तिच्यासंग. सगळेच तसे आहेत तिथं, थोडे थोडे. आपसात बसले का देशाची इज्जत काढतीन, अना गानं लागलं का डोळे पुसतीन. मले पहिले हासू ये. मंग एक दिवस माहीच पाळी आली. मॅटी म्हने, तुहं गाव कसं आहे? मी म्हनलं चांगलं आहे. तो म्हने, खोटं बोलते तू, खरं सांग. तं मी सांगतलं. माह्या बाबाच्या कपाचं सांगतलं.

तुले मालूम नसन, तू लहान. चौकात हॉटेल होतं, तिथं माह्या बाबाचा, म्हंजे परसरामचा, कप वेगळा. वळचनीत खोसून ठेवलेला राहे. काढाचा, चहा वरून ओतून घ्याचा, प्याचा, आपल्या हातानं धुवाचा, परत खोसाचा. छप्पन साली आजा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव गेले, पन वळचनीतला कप नाही गेला. मी सहा-सात वर्साची असन, बाबाचं बोट धरून उभी राहो. हे सगळं मी मॅटीले सांगतलं अना तो म्हनला, लय घान गाव दिसते तुहं. — घान! माह्या गावाले! तुले सांगतो रीना, मले इतला राग आला, त्याचा चहा तसाच सोडून मी बाहेर निघून गेली. दहा मिनिटं भिंतीले टेकून उभी होती. परत आली तं म्हातारा हासून राहिला होता. तेव्हापासून आमची दोस्ती.

आता पाह्य ना, मी पहिल्यांदा सुट्टीवर आली तवा गावानं माहा सत्कार केला. शाल देल्ली, नारळ देल्ला, आमची वच्छला, आमची वच्छला. मंग चहा आला. डिस्पोजलमधी. मले डिस्पोजल, सरपंचाले डिस्पोजल, सगळ्यायलेच डिस्पोजल. मी तो कागदाचा कप हातात धरून बसली अना इचार करत राहिली — हे बदललं म्हनून आहे का बदललं नाही म्हनून आहे? तुले समजते का? मले अजून नाही समजलं. सहा महिने झाले कायमची येऊन. इथं बसून तिथल्या पावसाची आठवन काढतो, ज्याले अठरा वर्षं शिव्या देल्ल्या, अना तिथं होती तवा पोलंडच्या पोरीले आपल्या तांदळाचं सांगू सांगू पकवलं मी. मानसाले एका जागी चैन नाही पडत वो.

— घड्याळ नको पाहू, तुही माय काही म्हननार नाही. तिले मालूम आहे तू इथं आहे. तिच्याबद्दलच सांगाचं होतं तुले. ते एकटी आहे. आज चांगली आहे, चालते, फिरते, उद्या पडली तं? तू म्हनशीन विमान आहे, सुट्टी आहे, एका दिवसात येईन. मी बी असंच म्हने. — आता तुले काय सांगू, तूच तं होती. माय पडली, अंग लुळं पडलं, डॉक्टर म्हने घरी न्या. मी एकटीच लेक तिले, अना मी तिथं. नर्सिंगची परीक्षा देऊन तू नुकतीच आली होती, तूच तिले पालटवत होती, तूच पाठीले पावडर लावत होती, अना रोज चार वाजता तूच फोन तिच्या कानाशी धरत होती. अकरा दिवस. अना मी रोज सांगो, माय, सुट्टीचं होऊन राहिलं, येऊन राहिली मी, येऊन राहिली. माय गेल्यावर पुन्यानुमोदनाले मी आली तं सगळं गाव म्हने, बिचारीले सुट्टीच नाही देल्ली त्यायनं. परदेशातले लोक, त्यायले काय माय, काय बाप. तुही माय बी मले पोटाशी धरून हेच म्हनली.

सुट्टी देल्ली होती.

दुसऱ्याच दिवशी देल्ली. मेट्रन स्वतः येऊन म्हनली, वच्छला, जा, आजच निघ. चांगली बाई आहे ते, हा फॉर्म तिच्याचकडं जाईन. — अशी पाहू नको. मी तिकीटच नाही काढलं. बॅग काढली होती पलंगावर, रोज तिच्यात काहीतरी टाको अना रोज ड्युटीवर जाओ. काहून म्हनून तू इचारशीन. नाही इचारत? मी सांगतो. मायचं मरन पाहवनार नाही म्हनून, असं मी दोन वर्षं सोतालेच सांगतलं. ते नाही. रोज मरन पाहाचंच काम होतं माहं. मले गाव नव्हतं पाहाचं. खाटेजवळ बसलेल्या बायका, ओट्यावर बसलेले मानसं, तिरडीले कोन कोन येईन अना कोन दुरूनच हात जोडून जाईन, ते मोजत बसाचं नव्हतं मले. म्हनून मी मायले सोडलं. गावाच्या रागापायी मायले सोडलं.

अना त्याच आठवड्यात मॅटी जाऊन राहिला होता. त्याले ओळख नव्हती राहिली. मले ब्रीडी म्हने. ब्रीडी, कोंबड्या आत घेतल्या का? मी म्हनो घेतल्या. तळ्याले पानी आहे का? आहे ना, काठोकाठ आहे. अना काय सांगू त्याले, त्याचं गाव मी कोठं पायलं होतं? मी आपलंच सांगो. आपल्या बोडीचं पानी सांगतलं, तिच्या पाळीवरचं मोहाचं झाड सांगतलं, रोवनीच्या बाया चिखलात कशा वाकून गानं म्हनतात ते सांगतलं. तो डोळे लावून आयके, म्हने हो, हो, तसंच आहे. हात नाही सोडला मी त्याचा. दहाव्या दिवशी गेला. एकदम शांतीत गेला, आपल्या घरी आहो असं समजून. अना दुसऱ्या दिवशी माय.

व्हिडिओ लाव म्हने तू, आठवते? मी म्हनलं नेट नाही पुरत. खोटं. नेट चांगलं होतं. तिचं तोंड मले पाहवलं नसतं. पन आवाज तं आयकला ना मी. रोज. मी म्हनो येऊन राहिली, अना ते 'हूं' म्हने. बस इतलंच, हूं. अना शेवटच्या दिवशी, इतल्या बारीक आवाजात — 'सावकास ये, बाई.' रीना, मी चुकली, मले कबूल आहे, मले कोनी माफ करू नये. पन तिनं ते म्हनलं. तिनं सावकास ये म्हनलं मले. त्या एका शब्दावर मी हे दोन वर्षं काढले. म्हनून तुले सांगतो, फॉर्मवर सही करन मी, पन तू तुह्या मायले —

काय झालं? उभी काहून झाली? रडते काय तू? बस, बस. मी मेली, तुले कायले सांगत बसली हे सगळं. काय? मोठ्यानं बोल, तोंडावरचा हात काढ. काय म्हनली?

परत सांग.

चौथ्या दिवसापासून? म्हंजे — तिले सुद नव्हती? आयकू बी नव्हतं येत? अना ते हूं...

तू?

सात-आठ दिवस तूच? मी इतली लांबून रडून राहिली होती म्हनून. हं. तुले दया आली माही. हं. आयकून राहिली मी, बोल. — अना शेवटचं? सावकास ये? ते तरी —

नाही. नको सांगू. समजलं.

रडू नको. मी रागावली नाही तुह्यावर. मी कोनत्या तोंडानं रागावू? पान्याचा गिलास दे तो इकडं. नाही, राहू दे. फॉर्म दे. चष्मा — हा आहे. कोठं करू, इथं? अना इथं बी तारीख. "उमेदवार म्हाताऱ्या मानसायची सेवा कशी करते" — लिहितो ना, लिहितो. एकदम चांगली करते. तिथं अशीच पोरगी पाहिजे असते त्यायले.

घे. जा आता. नाही, चहा नको मांडू, मी घेईन माहा. तुही माय वाट पाहून राहिली असन. जा म्हनतो ना रीना, जा, अना दार ओढून घे.