दोरा बदलायला दिली होती

न्यूझीलंडमधल्या होकिटिकात तळलेल्या माशांच्या दुकानापुढे रांग होती. माझ्या पुढे रिपेकाबाई आणि त्यांचा टिपेने नावाचा भाचा, आमच्या गावातला हिरव्या दगडाचा कारागीर. बाईंच्या मुठीत त्यांच्या आईची टिकी होती, गळ्यात घालायची छोटी दगडी मूर्ती.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"दोरा बदलायला, आत्या."

"मग दोराच बदलायचा ना! पॉलिश कुणी सांगितलं?"

"ओरखडे होते गं. म्हटलं, आजीची वस्तू आहे, चमकू दे जरा."

"चमकली! पर्यटकांच्या दुकानातली वाटतेय. पोटावरचा खळगा कुठाय?"

"तो झिजलेला भाग होता. मी सपाट केला."

"झिजलेला? काळजीत असली की आई तिथे अंगठा फिरवायची. तुझा बाप बोट घेऊन समुद्रात गेला की दिवसभर! जन्म गेला तिचा तो खळगा पडायला, आणि तू मशीन लावलंस?"

"रागावू नकोस ना. तस्साच कोरून देतो. तासाभराचं काम."

"काय म्हणालास?"

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत! वाक खाली."

"मारणारेस का इथे?"

"वाक म्हणते ना!"

तो वाकला. बाईंनी टिकी त्याच्याच गळ्यात घातली.

"हे काय? ही तुझी आहे."

"माझी होती. ठेव अंगठा तिच्या पोटावर. थांबतो का?"

"नाही. घसरतोय."

"मग फिरवत बस, म्हातारा होईस्तोवर. आणि मशीन लावलंस तर याद राख!"