लेंपीचे स्केट्स न्या

घाला ना हातमोजे—तुमच्या कीर्तिदालनाचा नियमच असेल तर घाला. पांढरे सुती! लेंपीनं पाहिलं तर पोट धरून हसेल. मिस ओलिंस्की, आइस हॉकीची अख्खी कारकीर्द काढली तिनं या स्केट्सवर. हे चामडं बघा, कुत्र्यानं कुरतडलंय—तरी तस्सेच घालून खेळली. आणि तुम्ही तान्हं बाळ उचलावं तसे उचलताय. कॉफी घ्या. ती वर झोपलीय—झोपली असावी.

काय काय करणार म्हणालात? काचेवर तिचा चेहरा कोरणार, खाली नाव, खाली तिनं केलेले गोल, शेजारच्या कपाटात स्केट्स, वर दिवा. छान. पुरुषांचा सराव आटोपला की उरलेल्या खरबरीत बर्फावर खेळायच्या या पोरी—आणि आता दिवा! मी सांगितलं तिला. म्हणाली, 'कोण लेंपी?' वर मलाच, स्वतःच्या नवऱ्याला, विचारते, 'तुम्ही पण खेळायचात का हो?' मी! मी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला, बर्फावर दोनदा उभा राहिलो, दोनदा पडलो.

कपाटाला कुलूप असतं ना? पक्कं? नाही, चोरांची भीती नाही हो. एप्रिल आहे, बर्फ वितळायला लागलाय. समोरचं तळं वरून पांढरंशुभ्र दिसतं, खालून सगळं पोखरलेलं. परवा पहाटे ती स्केट्स घालून पार काठावर—मी पायजम्यातच धावलो. दडवून ठेवले तर घर धुंडाळते, सापडले नाहीत की रडते, मग मीच आणून देतो. मीच! एवढा शिकलेला माणूस. फेकून द्यायला हात धजत नाही, म्हणून तर तुमच्या समितीकडे अर्ज—

हे बोलायचं नव्हतं मला. ती थोर होतीच, अर्जातला शब्दन् शब्द खरा आहे. पण मला वाटलं, मोठ्या ठिकाणाहून कुणी मानानं येऊन घेऊन गेलं, तर ते मी काढून घेतले असं नाही ना होणार? की होईलच? नाड्या मी बांधतो तिच्या. तेव्हा ती माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि मला नावानं हाक मारते, 'आर्वो'. तेवढ्यापुरतंच. एरवी मी कोण, तिला ठाऊक नसतं. म्हणजे तुमच्या खोक्यातून ते पण चाललं. बरोबर करतोय ना मी? तुम्ही तरी काय सांगणार म्हणा—

थांबा. जिना वाजला. झाकण लावा, लावा.

ये गं, लेंपी! कोणी नाही, बेकरीतली मुलगी आलीय, पाव द्यायला. बस अशी. पाय कशाला पुढे करतेस? अगं, आज सराव नाही. नाही म्हणतो ना—बस.

मिस, निघा तुम्ही. मागच्या दारानं. खोका इकडे दिसू देऊ नका. आणि हे बघा, आतल्या सगळ्या कड्या तिला काढता येतात, तेव्हा जाताना दोन्ही दारांना बाहेरून कडी लावा. हो, मी आतच आहे. संध्याकाळी शेजारीण येऊन उघडेल. लावा.