मोरी आजोबांचं न हलणारं टेबल

मी जराही शांत बसत नाही म्हणता ना? मग हे ऐका.

जर्मनीत शिकून मी जपानमध्ये त्सुकुबाला आईबाबांकडे परत आलो, तेव्हा शेजारच्या मोरी आजोबांची रताळी रानडुकरं फस्त करत होती. आजोबांकडे शिकारीचा परवाना होता आणि काडतुसं ते घरीच भरायचे. त्यातली दारू तोलताना तराजूला जरासाही धक्का चालत नाही, म्हणून त्यांना पक्कं टेबल हवं होतं. मी कट्टर अहिंसावादी, तरी मदतीला गेलो. म्हटलं, काम करता करता त्यांचं मन वळवू.

जाड फळी घातली, पायांना तिरक्या पट्ट्या मारल्या, सगळं भिंतीला आवळलं. तराजू ठेवला, तर काटा थरथरतोच आहे.

"आजोबा, गोळी हा उपाय नाही. तुम्ही कुंपण घाला!"

"अजून एक पट्टी मार."

मारली. काटा हलतोच.

"त्या मुक्या जिवांनी कुठे जायचं?"

"पाय काढ."

"काय?"

"खालच्या पट्टीवरचा पाय. बोलताना नाचवतोस तो."

काढला. काटा जागच्या जागी थांबला.

"टेबल पक्कं आहे," आजोबा म्हणाले. "मी काडतुसं भरतो. तू तेवढ्यात कुंपणाचं डुकरांना सांगून ये."